दोऱ्यातल्या चिठ्ठ्या

पंढरी : मापाच्या चिठ्ठ्या हायत, मग दोरा कुठाय लुंबिनी?

लुंबिनी : काल कापला, अप्पा. ओवलेल्या चिठ्ठ्या स्कॅनरवर सपाट बसेनात. अठरा वर्षांचा कागद, हात लावला की तुकडे पडायचे. म्हटलं, कॉम्प्युटरमध्ये घालावं, आईच्या ब्लाउजचं माप तरी टिकेल. तिचा एक फोटोसुद्धा नाही आपल्याकडं.

पंढरी : आन् खालीवर केल्यास?

लुंबिनी : मापाप्रमाणं लावल्या, लहान आधी, मोठं मागून. पण एकाही चिठ्ठीवर नाव नाही. आईची कोणती?

पंढरी : मला अक्षर कुठं येत होतं? नुस्ते आकडे लिहायचो. गल्लीत घरं जशी, तशा बायांच्या चिठ्ठ्या ओवायच्या. आधी नागुबाई, मग तुझी आई, मग केवळाबाई. मोजत गेलं की बोट बराबर तिच्यावर.

लुंबिनी : हे कधी बोलला नाहीत मला!

पंढरी : कापशील आसं वाटलंच न्हाई गं. भूकंपात आख्खी गल्ली दगडाखाली गेली. तू मामाकडं उमरीला, मी दसऱ्याच्या शिलाईपायी ष्टँडवरच्या टपरीत. पत्र्याची म्हणून तेवढी उभी राहिली. तिच्यात मशीन आन् ह्यो दोरा.

लुंबिनी : आज क्लासमध्ये सर सांगत होते, 'फाईल' हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. मुळात लॅटिन, 'फीलुम'. म्हणजे दोरा. तिकडं जुन्या काळी कागद दोऱ्यात ओवून ठेवायचे, म्हणून फाईल. सगळी पोरं लिहून घेत होती. मला बाकावर बसवेना, अप्पा.

पंढरी : म्हंजे शिकलेल्या लोकांनीबी ओवलंच की.

लुंबिनी : आईचं माप तुम्हाला पाठ असेल ना? शिंप्याची बायको होती ती.

पंढरी : छाती बत्तीस, येवढं याद हाय. बाही, गळा... बोट ठेवलं की दिसायचं, म्हणून पाठ केलंच न्हाई.

लुंबिनी : बत्तीसच्या तीन आहेत.

पंढरी : आण इकडं. (तिन्ही चिठ्ठ्या उजेडाला धरून) न्हाई कळत.

लुंबिनी : होती तेवढी आईसुद्धा मीच घालवली.

पंढरी : तिन्ही ठेव तुझ्याजवळ. बाकीच्या दोघींच्या मागं तर कुणीच न्हाई राहिलं.