इंजिन कधी उघडलं?

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडी विकायला काढली तेव्हाची गंमत सांगतो. छोट्या इंजिनाची सेडान, चौदा वर्षं रोज त्यांना दांडिया बाजारातल्या घरातून नंदेसरीच्या फॅक्टरीत न्यायची. मीटरवर दोन लाख किलोमीटर झालेले. गिऱ्हाईक मेकॅनिकला घेऊनच आलं. त्या मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, बराच वेळ आवाज ऐकला आणि म्हणाला, "काका, साचुं बोलो, एन्जिन क्यारे खोलाव्युं?" म्हणजे, खरं सांगा, इंजिन उघडून दुरुस्त कधी केलं?

"एकदाही नाही," अण्णा म्हणाले.

तो हसला. "एवुं बने ज नहीं!" असं होणंच शक्य नाही म्हणे.

अण्णा भडकले. त्यांनी शर्टाची वरची बटणं काढून छातीवरचा बायपासचा व्रण दाखवला. "चौदा वर्षांत उघडलं ते मला! आणि दवाखान्यात नेलं याच गाडीनं!"

मेकॅनिकनं बॉनेट बंद केलं आणि गिऱ्हाइकाला गाडी घेऊन टाकायला सांगितलं, "लई लो, शेठ."