डबल बेल झाल्याबिगर

विट्याच्या स्टँडवर माझ्या मागं एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आणि त्यांची मुलगी उभी होती. ती त्यांना नुकतीच आपल्या कॉम्प्युटर क्लासात फुकटची रेसची गेम खेळवून आली होती.

“आप्पा, सगळ्या गाड्या सुटल्या. तुमी का थांबला?”

“डबल बेल कुठं झाली?”

“रेसला कंडक्टर नसतो.”

“मग कुणाच्या भरवशावर सोडत्यात गाड्या?”

“आन् वळणावर ब्रेक कशाला? बटण दाबून धरलं की गाडी घसरत आपोआप वळती.”

“घसरत? मागच्या शिटावरली बाई कुठं जाईल?”

“माणसंच न्हाईत गाडीत.”

“तरीच. लय हलकी लागली. बोट लावलं की रस्त्याखाली.”

“शेवटचा नंबर आला तुमचा.”

“कुणाला धडकलो का?”

“न्हाई.”

“मग झालं तर. मयूरे, उद्याबी फुकटच हाय न्हवं ती?”

“व्हय. येताय?”

“डोळ्यापायी गाडी चालवायची सुटली, तवापासनं आजच हात लागला. तू शेजारी बस. लांबचं वळण दिसलं की सांग.”

“सांगीन की. डबल बेलबी मीच देईन.”