म्हातारीचं जुनं पाणी

गाडीची जुनी बॅटरी द्यायला मी घातक कचरा केंद्राच्या रांगेत उभी होते. माझ्यापुढे एक आजोबा, एक आजी आणि घट्ट झाकणाचा एक कॅन. खिडकीतल्या ताईंनी कॅनवरची चिठ्ठी मोठ्यानं वाचली आणि मी कान टवकारले.

"'म्हातारीचं जुनं पाणी. विष.' हे काय हो, आजोबा?"

"आमच्या गाडीचं इंजिन गार ठेवणारं जुनं कूलंट. गाडी पन्नाशीची आहे ना, म्हणून म्हातारी."

"आणि मला वाटलं, म्हातारी म्हणजे मी! दोन दिवस बोलले नाही यांच्याशी."

"अगं, तुला म्हातारी म्हणायची माझी छाती आहे का?"

"गटारात ओतलं नाहीत हे बरं केलंत," ताई म्हणाल्या. " गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि जिवाला मुकतात. यात तेलबिल नाही ना मिसळलं?"

"छे! इंजिन गार झाल्यावर वेगळं काढलं. नव्या कूलंटमध्येही डिस्टिल्ड पाणी घातलंय. नळाच्या पाण्यानं आतून गंजते बिचारी."

"ऐकलंस, पोरी?" आजी माझ्याकडे वळल्या. "तिला डिस्टिल्ड, मला नळाचं!"

"इथवर आलीस, आता पुढेही येशील ना गाडीतून? लेक वाट बघतेय. एकटा गेलो तर दारातूनच हाकलेल मला."

"मागच्या वेळी चढावर वाफा सोडत बसली होती तुमची लाडकी."

"आता नाही तापणार. तू तापू नकोस म्हणजे झालं."

आजी फिस्सकन हसल्या. माझ्याकडून पेन घेऊन त्यांनी 'म्हातारीचं' खोडलं, वर 'सवतीचं' लिहिलं आणि आजोबांपुढे हात पसरला.

"चावी आणा इकडे. आज सवतीला मी पळवते."