मोठ्यानं वाचायचा कोश

आमच्या भोसरीच्या वाचनालयात जगभरच्या संगीताचा कोश आहे, पण घरी न्यायला बंदी. आणि मी अक्षरं शिकले पोथीवर, त्यामुळे माझं वाचन मोठ्यानंच! आफ्रिकेतल्या बायकांच्या कांडणाचा ताल त्यात दिलाय, तो मी टेबलावर वाजवून बघितला. ग्रंथपाल कदमभाऊ धावत आले.

“आजी, पुन्हा आवाज केलात तर तुमचं कार्ड काढून घेईन.”

“घ्या! गाण्याचं पुस्तक मुक्यानं वाचून शिकू व्हय?”

बिचाऱ्यांनी डोकं खाजवलं, कोश उचलला आणि मला आवारातल्या सायकल स्टँडवर नेलं. “इथं वाजवा.”

मी पत्र्यावर हात मारायला लागले. ते पानात बघत म्हणाले, “एकटीला न्हाई जमायचं, आजी. यात दोन मुसळं आहेत.”

आणि दुसऱ्या मुसळाचा ताल त्यांनी स्वतःच सायकलच्या सीटवर धरला.