मुकादमाला परत सोडलं तेव्हा

हॅलो?… हो ताई, येतंय ऐकू. बोल.

हो, मोजलं सगळं. कोंबड्या अकरा, कोंबडे दोन, अंडी सात. त्यातलं एक तडकलेलं. पाणी दोन्ही भांड्यांत बदललं… हो गं, खुराड्याच्या दाराला दोन्ही कड्या.

आवाज? कसला आवाज?… नळ असेल. स्वयंपाकघरात आहे मी.

कोंबडे दोनच आहेत, म्हटलं ना. धाकटा अंगणात, डाल्याखाली झाकलाय. आणि मुकादम… मुकादम माझ्या मांडीवर आहे. टॉवेलमध्ये.

ताई, तुमचं प्रशिक्षण सुरू आहे की चहाची सुट्टी?… किती मिनिटं?… मग आधी पूर्ण ऐकून घे. त्याला लागलंय.

तुरा फाटलाय. मागच्या बाजूने, साधारण दोन सेंटिमीटर… नाही, डोळा शाबूत आहे. समोर बोट फिरवलं तर बघतोय. पण रक्त थांबत नाहीये. दुसरा टॉवेल घेतलाय आता.

मुंगूस नाही. कुत्रंही नाही. धाकट्याने.

…मला माहीत आहे दोन वर्षं एकत्र राहतायत. हो, कधी चोचसुद्धा लावली नाही, माहीत आहे. अगं ऐक ना… कारण मागून सांगते, आधी रक्ताचं सांग.

डॉक्टरांना दोनदा फोन लावला. कुणाची तरी गाय अडलीय, तिकडे गेलेत. बारानंतर येतील म्हणाला त्यांचा मदतनीस. आत्ता नऊ चाळीस झालेत.

कॉर्नफ्लोअर?… वरच्या फळीवर, निळं झाकण. थांब, फोन स्पीकरवर टाकते… ताई, हा खायचा सोडा आहे. तू डब्यांना चिठ्ठ्या का लावत नाहीस?… मागचा, हां. मिळालं. चिमूटभर पुरे?… भरपूर. आणि वरून दाबू. किती जोरात?… पिकलेला टोमॅटो फुटणार नाही इतकं. बरं.

दाबलंय. पाच मिनिटांचं घड्याळ लावलंय… नाही, बोट उचलून बघत नाही मधेमधे.

श्वास? तोंड उघडं ठेवून घेतोय. मोजते… अर्ध्या मिनिटात बत्तीस. म्हणजे चौसष्ट.

जास्त म्हणजे तिपटीहून जास्त. त्याचे एरवी वीस असतात… मला कसं माहीत? सकाळी मोजले होते. वहीत लिहिलेत.

…कसली वही, काय सांगू. बरं, सांगते. पण ओरडू नकोस, तो दचकतो.

तू गेलीस त्याच संध्याकाळी शेजारचे मास्तर आले होते. म्हणाले, तुमचे दोघे पहाटे जुगलबंदी करतात, मला झोप नाही. एक तरी कमी करा, नाहीतर अर्ज देतो. तुझा फोन लागेना. मग म्हटलं, आधी बघू तरी कोण किती आरवतो. म्हणून मुकादमाला अडगळीच्या खोलीत ठेवलं. दाणापाणी, खिडकी, सगळं नीट होतं…

तीन दिवस.

हो. एकट्याला.

धाकटा पहिल्या दिवशी सातच्या आत चार वेळा आरवला. दुसऱ्या दिवशी एकोणीस. आज एकतीस. म्हणजे एक कमी करून आवाज काही… बरं. नाही सांगत आकडे.

सोडला ना. आज साडेआठला. सरळ दार उघडून, सगळ्या कोंबड्यांसमोर… मला काय ठाऊक? वाटलं, घरचाच आहे, जाईल आपल्या जागी. गेलाही तसाच, छाती काढून, दाण्याच्या भांड्याकडे. तीन दिवसांत तिथला कारभार बदलला होता आणि त्याला कुणी कळवलं नव्हतं.

…हो. जाळीच्या पलीकडून आधी एकमेकांना बघू द्यायचं असतं. आता कळलं. चूक माझी आहे, धाकट्याला काढून टाकायला सांगू नकोस.

माझी प्राणिशास्त्राची पदवी मधे आणू नकोस ना, ताई. आमच्या अभ्यासक्रमात कोंबडा नव्हता, बेडूक होता. तोही मेलेला यायचा.

…नाही, विनोद करत नाहीये. पाच मिनिटं सरत नाहीयेत, म्हणून बोलतेय.

ताई.

ताई, याने मान टाकली. आत्ता. एकदम… डोळे मिटलेत. हाक मारली, हालत नाही. पायाचं बोट दाबलं, तरी नाही…

हो, टॉवेल डोक्यावर आलाय, पुरता. मीच ओढला मघाशी… काढू नको? का?… अंधार केला की निपचित पडतात? सगळेच?… नक्की ना? मला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीस ना?

छातीच्या हाडाखाली हात. घातला. नाही लागत काही. माझीच नाडी लागतेय बोटाला… थांब. जरा बोलू नकोस.

…

आहे. ताई, आहे. हलतंय खाली, वर, खाली.

रडू नकोस गं. माहीत आहे मला. बुटाच्या खोक्यात, दिव्याखाली वाढवलंस त्याला. अंड्यातून निघाला तेव्हा पाय वाकडा होता, तू पट्टी बांधायचीस आणि मी हसायचे… हो, हसायचे. कबूल.

हे वाजलं घड्याळ. बोट काढते… पिठाचा थर बसलाय, पांढरा. कडेने गुलाबी. वाहत नाहीये. नाही, खरवडत नाही. हातसुद्धा लावत नाही.

आज आतच ठेवीन, हो. आणि परत सोडायचं ते तू आल्यावर, तू सांगशील तसं. मास्तरांना सांगते, आठवडाभर थांबा म्हणून. चिडतील, चिडू देत.

बोलावतायत का तुला?… दोनच मिनिटं थांब म्हणावं. हे मोजल्याशिवाय जाऊ नकोस, मला एकटीला नको. तोंड मिटलंय त्याने. अर्धं मिनिट लागेल. फोन धरून ठेव, काही विचारू नकोस मधे.

…

…

अकरा. मिनिटाला बावीस.