मॅडम, तो नंबर काढून टाका

नाही नाही साहेब, हात लावू नका — त्या बटणाला बिलकुल हात लावू नका! अपडेट चाललंय ना आत, मध्येच बंद केलंत तर लॅपटॉपचा ठोकळा होईल, मग दार अडवायला वापरा. बसा. खुर्ची घ्या ती — ती नको, तिचा पाय मोडलाय, ही घ्या. किती वेळ? ते मी सांगू शकत नाही आणि लॅपटॉपही सांगू शकत नाही. तो म्हणतो चार मिनिटं, पण त्याची चार मिनिटं म्हणजे आमची ही 'निघालेच' म्हणते त्यातली. गरम का होतो? झोपून वापरता ना? गादीवर ठेवून? बघा, मला कसं कळलं! साहेब, त्याला खालून श्वास घ्यायचा असतो, तुम्ही त्याचं नाकतोंड उशीत दाबून वर त्यालाच विचारता, बाबा रे, दमलास का.

बोर्ड वाचलात ना बाहेरचा? 'मोबाइल, लॅपटॉप, कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर फुकट.' मालकाची कल्पना. उत्तर फुकट म्हटल्यावर माणसं काय काय विचारतात! काल एक आजोबा आले, म्हणाले, माझा फोन माझं बोलणं चोरून ऐकतो का? म्हटलं, आजोबा, घरात कोणी ऐकतं का तुमचं? म्हणाले, नाही. म्हटलं मग फोनला तरी ऐकू द्या की! एक बाई आल्या — फोनमध्ये जागा नाही म्हणून. बघतो तर सुप्रभातचे सहा हजार फोटो. फुलं, सूर्य, कपबशी. म्हटलं, पुसू? तर म्हणाल्या, अहो, लोकांनी एवढ्या प्रेमाने पाठवलेत! सतरा वर्षं बसतोय साहेब या काउंटरला. आणि तुम्हाला आतली गोष्ट सांगतो, मालकाला सांगू नका — उत्तरं फक्त पाच आहेत. बंद करून चालू करा. चार्जर बदलून बघा. अपडेट करा. काढून टाका आणि परत टाका. आणि पाचवं, इथे घेऊन या. संपलं! जगातला कुठलाही प्रश्न घ्या, या पाचांत बसतो. ॲप उघडत नाही? काढून टाका, परत टाका. कीबोर्ड अडतो? काढून टाका, परत टाका. तोंडात बसलंय नुसतं. झोपेत विचारलंत तरी सांगेन.

कुठे बघतोय मी? कुठे नाही. त्या फोनकडे? छे हो, सवय आहे, तो दुकानाचा फोन, त्याच्यावर लोक प्रश्न विचारायला — नाही, वाट कोणाची बघणार? आमच्या एक मॅडम आहेत. नेहमीच्या गिऱ्हाईक. दोन वर्षं रोज अकराच्या सुमाराला फोन. रोज एक प्रश्न. अक्षरं मोठी कशी करायची, टॉर्च लागलाय तो विझवायचा कसा, व्हिडिओ कॉलवर माझं नुसतं कपाळच का दिसतं. मी सगळं सांगतो, शांतपणे, हो मॅडम, नाही मॅडम, वरच्या कोपऱ्यात तीन ठिपके दिसतायत का मॅडम. आणि शेवटी मला विचारावं लागतं — मालकाचा नियम आहे — आणखी काही मदत करू का? तर त्या म्हणतात, नको, तुम्ही जेवलात का? आता मला सांगा, कुठलं गिऱ्हाईक काउंटरवरच्या माणसाला जेवलात का विचारतं?

बरोबर ओळखलंत. हसू नका. आई आहे माझी.

म्हणजे झालं काय — पूर्वी ती माझ्या मोबाइलवरच करायची. इकडे काउंटरवर चार माणसं, आणि तिकडून हिचं चाललंय, अरे, स्क्रीनवर एक बाण आलाय. एक दिवस माझा पारा चढला. म्हटलं, आई, दुकानात फोन करत जाऊ नकोस, इथे गिऱ्हाईकं असतात! ठेवला. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या फोनवर आवाज — नाक दाबून, अगदी घोगरा — 'मी एक वयस्कर ग्राहक बोलतेय.' अहो, मागे आमच्या गावच्या घरचं दार करकरतंय, सव्वीस वर्षं तेल घातलेलं नाही त्या दाराला, मी ओळखणार नाही? पण म्हटलं, जाऊ दे. तिला वाटतंय मला कळलं नाही, वाटू दे. बोला मॅडम, म्हटलं. आणि चाललं की छान! मालकाकडे तिने माझी दोनदा तारीफसुद्धा केली. 'तुमचा तो मुलगा फार नम्र आहे' म्हणून. पगार नाही वाढला, पण मालकाने माझ्याकडे जरा निराळ्या नजरेनं बघितलं.

आणि मोबाइलवर? मोबाइलवर करायची ना, संध्याकाळी. मी — खरं सांगू? नाही उचलायचो. रोज नाही, पण — बरं, बहुतेक रोज नाही उचलायचो. दिवसभर फोन, फोन, फोन, घरी गेल्यावर फोनचं तोंड बघवत नाही हो. म्हणायचो, नंतर करू. ते नंतर काही यायचं नाही. शिवाय मनात यायचं, सकाळी बोललोय की. ती बोललीय, मी बोललोय. फक्त आई आणि मुलगा बोलले नाहीत, एवढंच.

तर नऊ दिवसांपूर्वी. अकरा वाजता फोन. लाइनीत तीन माणसं, एकाचा फोन पाण्यात पडलेला, तो तांदळाच्या पिशवीसकट घेऊन आलेला. मॅडम म्हणाल्या, एक अडचण आहे. एका नंबरला फोन लावला की पूर्ण रिंग जाते आणि कोणी उचलत नाही. बाकी सगळ्यांना लागतो. त्या एकाच नंबरला असं होतं. हा फोनचा बिघाड आहे का? आणि मी, साहेब — या तोंडाने, एका हाताने तांदूळ झटकत — म्हटलं, मॅडम, तो नंबर काढून टाका आणि परत टाका. चौथं उत्तर! विचारच केला नाही. ती म्हणाली, परत कुठून टाकू? म्हटलं, मॅडम, मागे लोक थांबलेत. ठेवला. त्या दिवशी जेवलात का विचारायलाही सवड दिली नाही मी तिला.

आणि आमची आई म्हणजे सांगितलं ते अक्षरशः करणारी. काढून टाकला नंबर! कशावरून म्हणजे? मी रात्री लावला ना फोन. कधी नव्हे ते स्वतःहून लावला — तिने कट केला. परत लावला, परत कट. का? कारण तिच्या फोनवर आता माझं नाव येत नाही, नुसता आकडा येतो. आणि अनोळखी आकडा आला की उचलायचा नाही, चोर असतात, खात्यातले पैसे जातात — हे तिला कोणी शिकवलं? मी! मे महिन्यात! तिसऱ्यांदा लावला तर एकदाच टुंग वाजलं आणि बंद. हे टुंग दुसऱ्या कोणाला कळलं नसतं, पण माझा धंदाच हा. ब्लॉक केलं मला. माझ्या आईने मला ब्लॉक केलं. आणि ब्लॉक कसं करायचं तेही मीच शिकवलेलं, तीन ठिपके मॅडम, खाली या मॅडम, लाल अक्षरं दाबा, शाब्बास मॅडम!

दुसऱ्या कोणाला सांगून बघितलं का म्हणता? बहीण आहे, ताई, रोज बोलते आईशी, आई ठणठणीत आहे म्हणते. पण ताईला काय सांगू? आई मला फसवून गिऱ्हाईक होते आणि मी तिला फसवून मॅडम म्हणतो? ती लग्नकार्यात उभी राहून सांगेल चारचौघांत. स्वतः जा म्हणता — दीड तासाची बस आहे, माहितीये मला. काल स्टँडवर जाऊन आलो. दोन बसेस सोडल्या. गेलो आणि ती म्हणाली, तू कसा काय आलास आज, तर काय बोलू? दुकानाच्या फोनवरून लावायचा? हात चारदा गेला त्याच्यावर. ती रोज अकराला फोन करायची, आता नऊ दिवस झाले करत नाही, आणि मला — हसाल तुम्ही — मला कोणी जेवलास का विचारत नाही, तर जेवणच जात नाही हो. ही म्हणते, मी विचारते ना! तिला काय सांगू.

थांबा हं. वाजतोय. गप्प बसा जरा.

नमस्कार, ग्राहक मदत काउंटर — हो. हो मॅडम. तक्रार? तक्रारी इथेच घेतात, बोला ना. — नऊ दिवसांपूर्वी, हो, आठवतंय. — काढून टाकलात. बंद करून चालूही केलात. बरं. — आणि आता तो फोनमध्ये दिसतच नाही. नाही दिसणार, मॅडम. — असले सल्ले कोण देतं? मीच. — जबाबदार माणसाला द्या? दुसरं कोणी नाही इथे. मीच आहे. — तुम्ही कागद घेता का? पेन? मी सांगतो नंबर. — तुमच्या मुलाचाच. — मला कसा पाठ म्हणजे... आई, मी बोलतोय गं.

हॅलो? आहेस ना?

काय माहीत होतं? — मी तुला ओळखलंय ते? पहिल्या दिवसापासून? अगं मग तो घोगरा आवाज — आणि त्या दिवशीचा प्रश्न, तो एक नंबर उचलत नाही म्हणून — तो मलाच विचारलास? आणि मी तुला... मला माहीत होतं तुला माहीत नाही असं मला — जाऊ दे. पण सांगायचं ना सरळ! दोन वर्षं मॅडम मॅडम कशाला म्हणवून घेतलंस?

काय? मोठ्याने बोल, पंखा वाजतोय इथे.

'मॅडम झालं की नीट बोलतोस' म्हणून.

ऐकलं. हो. ऐकलं गं.

उठा, उठा, जा तुम्ही. काउंटर बंद झालंय. लॅपटॉप राहू दे इथे, उद्या या, नाहीतर परवा या — बोर्ड गेला खड्ड्यात, बाहेर व्हा आधी! — नाही आई, तुला नाही म्हटलं. गिऱ्हाईकाला म्हटलं. तू बोल.