राब, साप आणि सदूकाकांचा कासरा

साप न चावता साप चावलेला माणूस बघायचाय? हा बघा, तुमच्यासमोर चहा पितोय.

भाताची रोपं टाकायच्या आधी जमीन भाजायची, म्हणजे राब करायचा, म्हणून शेतात पालापाचोळा रचत होतो. एकाएकी छाती धडधडायला लागली, दरदरून घाम, हातांना मुंग्या. वाटलं, संपलो! आमचे सदूकाका ओरडले, "पाल्यात हात घातला यानं, जनावर चावलं रे!" आणि बैलाचा कासरा काढून माझ्या दंडाला करकचून आवळला.

काका आणि बायकोनं मला शहापूरच्या दवाखान्यात पोचवेस्तोवर धडधड आपोआप उतरली. डॉक्टरांनी हात तपासले, ईसीजी काढला. "चावल्याची खूण नाही, हृदय ठणठणीत. हा पॅनिक अटॅक."

बायको म्हणाली, "लेकीच्या काळजीनं यांना महिनाभर झोप नाय. त्यातलंच का?"

डॉक्टर म्हणाले, "ती काळजी राबासारखी दिवसभर धुमसते. हा गवताचा भडका. अचानक पेटतो, थोड्या वेळात विझतो. दोन्हींवर इलाज आहे, आणि या भडक्यानं माणूस मरत नाही."

जीव भांड्यात पडला. तरी विचारलं, "मग डॉक्टर, हा एक हात अजून बधिर का?"

डॉक्टरांनी कासऱ्याकडे बोट दाखवलं. "तो अटॅक काकांचा. सोडा आता."